अमेरिकन फुटबॉलमधली पकड, पास आणि किक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला जागून एनएफएलचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे) सामने बघणारे आपल्याकडे आता बरेच आहेत. शिवाय अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांचे आईवडील आहेत, ज्यांना मुलगा किंवा मुलगी अंगणात बोलावून म्हणते, "बाबा, थ्रो करा ना!" खेळाचे नियम कुठेही वाचायला मिळतात. हात आणि पाय नेमकं काय करतात, हे मात्र विचारावं लागतं. म्हणून इथे फक्त तेवढंच.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. या चेंडूला हात लागो की पाय, खरा प्रश्न एकच असतो: तो हवेत फिरणार कसा? पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

चेंडूची मापं काय असतात? रग्बीचा चेंडू वापरला तर चालेल का?

एनएफएलचा चेंडू टोकापासून टोकापर्यंत ११ ते ११.२५ इंच लांब असतो. मधल्या फुगीर भागाचा घेर २१ ते २१.२५ इंच आणि वजन १४ ते १५ औंस, म्हणजे साधारण ४०० ते ४२५ ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो, त्याच्या अडीचपट हा जड.

चामड्याचे चार तुकडे शिवून तो बनतो. तोंडी नाव ‘पिगस्किन’ असलं तरी चामडं गाईचं असतं. ओहायो राज्यातल्या एडा या छोट्या गावी विल्सन कंपनीचा कारखाना आहे, तिथे एनएफएलचे चेंडू हाताने तयार होतात. ते आधी उलटे शिवतात. मग वाफेने चामडं मऊ करून, लेससाठी ठेवलेल्या फटीतून ओढून सुलटे करतात. त्यानंतर आत ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, घालून वरून लेस विणतात. पास फेकणाऱ्याची बोटं नेमकी याच लेसवर बसतात.

रग्बीच्या चेंडूचा घेर ५८ ते ६२ सेंटिमीटर असतो, अमेरिकन चेंडूचा ५३-५४. रग्बीच्या चेंडूची टोकं बोथट असतात आणि त्याला लेस नसते, कारण तो दोन्ही हातांनी पास करायचा असतो. किकच्या सरावाला तो एक वेळ चालेल. एका हाताने फेकायला शिकायचं असेल तर घेऊ नका, चुकीच्या सवयी लागतात.

लेसवर नेमकी कोणती बोटं ठेवायची?

सुरुवात अशी करा. अनामिका आणि करंगळी लेसवर, मधलं बोट लेसच्या कडेला किंवा थोडं पुढे. तर्जनी लेस सोडून चेंडूच्या मागच्या टोकाकडे, शिवणीच्या जवळ. अंगठा खालून, साधारण मधल्या बोटाच्या समोर येईल असा. पकडताना हात चेंडूच्या मधोमध नको, मधापासून जरा मागे हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तळवा चेंडूला टेकवायचा नाही. चेंडू बोटांच्या पेरांवर पेलायचा. चेंडू आणि तळवा यांच्यातून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. तळवा चिकटला की चेंडू हातातून ढकलला जातो आणि शेवटच्या क्षणी बोटांना त्याला फिरकी देता येत नाही. नवशिक्यांचे दहातले आठ पास डगमगतात ते बहुतेक यामुळेच. घट्ट आवळणं हा याचाच भाऊ. मनगट ताठरलं की खेळ संपला.

यापुढे मात्र एकच बरोबर पकड अशी नसते. पिट्सबर्ग स्टीलर्सला चार सुपर बोल (एनएफएलच्या अंतिम लढती) जिंकून देणारा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, टेरी ब्रॅडशॉ तर्जनी चक्क चेंडूच्या टोकावर ठेवायचा. कर्ट वॉर्नर आणि कारकिर्दीच्या शेवटी पेटन मॅनिंग हातमोजा घालून फेकत. तुमच्या हाताला काय सोसतं ते पाहा. तळवा आणि तर्जनी या दोन गोष्टी जागेवर असल्या की बाकीची बोटं आपली जागा शोधतात.

हात लहान असेल तर?

एनएफएलमध्ये निवड होण्याआधी खेळाडूंच्या पंजाचं मापही घेतात, करंगळीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत. २०२२ साली क्वार्टरबॅक केनी पिकेटचा पंजा ८.५ इंच भरला तेव्हा त्यावर भरपूर चर्चा झाली. पण जो बरोचा ९ इंच आणि पॅट्रिक महोम्सचा ९.२५ इंच आहे, त्यांनाही कुणी धिप्पाड पंजाचे म्हणणार नाही. ओल्या किंवा गार चेंडूवर मोठा हात नक्कीच कामाला येतो. पण त्यावरून कुणाला फेकता येईल की नाही हे ठरवणं मला पटत नाही.

मुलांसाठी वेगळा विचार करा. साधारण ६ ते ९ वर्षांसाठी पी-वी, ९ ते १२ साठी ज्युनियर आणि १२ ते १४ साठी यूथ असे लहान चेंडू मिळतात. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठा चेंडू घेऊ नका. चेंडू पेरांवर मावला नाही की मूल तो तळव्यावर घेणार, आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही.

पास फेकताना जोर कुठून येतो? माझा खांदा लगेच दुखतो.

खांदा दुखतो कारण सगळं काम तुम्ही खांद्यालाच लावता. जोर जमिनीतून येतो. उजव्या हाताने फेकणारा आधी उजव्या पायावर भार घेतो आणि डावं पाऊल लक्ष्याच्या किंचित डावीकडे टाकतो. मग आधी कंबर उघडते, खांदा क्षणभर मागे राहतो, आणि त्या पिळातून हात पुढे झेपावतो. डावा हात छातीजवळ ओढून घेतला की वळण आणखी वेगाने पुरं होतं. कोपर खांद्याच्या रेषेत किंवा जरा वर असावं. ते खाली पडलं की पासही पडतो, आणि कळा खांद्याला येतात.

क्रिकेट खेळून आलेल्यांची एक अडचण नेहमी दिसते. सीमारेषेवरून थ्रो करायच्या सवयीने ते हात मागे लांब नेतात. इथे तेवढा वेळ नसतो, समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं धावून येत असतात. चेंडू दोन्ही हातांत छातीपाशी धरायचा, तिथून थेट कानामागे न्यायचा आणि सोडायचा.

सोडताना चेंडूवरून सगळ्यात शेवटी तर्जनी निघते. फेकून झाल्यावर तळवा बाहेरच्या बाजूला आणि अंगठा खाली, मांडीकडे वळलेला दिसला पाहिजे. फिरकी देण्यासाठी मनगट मुद्दाम पिरगाळू नका. बोटं लेसवरून क्रमाने सुटली की फिरकी आपोआप मिळते.

आता तुम्ही म्हणाल, महोम्स तर कमरेच्या उंचीवरून, आडव्या हाताने, कधी दुसरीकडे बघूनही फेकतो. फेकतो खरा. त्याचे वडील मेजर लीग बेसबॉलमध्ये पिचर होते आणि तो स्वतःही बेसबॉल खेळत वाढला. त्याचा हात कुठल्याही कोनात असो, पाय आणि कंबर पाहा. पुढच्या वेळी चेंडूऐवजी त्याच्या कमरेवर नजर ठेवून एक सामना बघाच.

स्पायरल म्हणजे काय? चेंडूचं टोक वळणाबरोबर खाली कसं झुकतं?

चेंडू स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरत, टोक पुढे ठेवून जातो ते स्पायरल. चांगल्या पासमध्ये तो सेकंदाला साधारण १० फेऱ्या घेतो. फिरकीमुळे अक्ष स्थिर राहतो, हवेचा अडथळा कमी होतो आणि पास लांब, सरळ जातो. जोरात फिरणारा भोवरा ताठ उभा राहतो आणि वेग मंदावला की डुलतो, तेच इथेही घडतं.

पण यात एक गंमत आहे. फिरकीने अक्ष जर स्थिर राहतो, तर वर टोक करून निघालेला चेंडू खाली उतरतानाही टोक वरच ठेवून यायला हवा. प्रत्यक्षात तो नाक खाली करून रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, हातात शिरतो. २०२० मध्ये रिचर्ड प्राइस, विल्यम मॉस आणि टिमोथी गे या भौतिकशास्त्रज्ञांनी याचा उलगडा मांडला. मार्ग खाली वळू लागला की समोरची हवा चेंडूचं नाक आणखी वर ढकलू पाहते. चेंडू फिरत असल्याने नाक वर जाण्याऐवजी बाजूला सरकतं, आणि असं सरकत सरकत उड्डाणाच्या दिशेभोवती छोटी घिरटी घेतं. दिशा जशी झुकते, तशी ती घिरटीही झुकते. म्हणजे टोक खाली येतं ते हवेमुळे. निर्वात पोकळीत तोच पास टोक वर ठेवूनच खाली आला असता. संथ चित्रफितीत ही घिरटी डोळ्यांनी दिसते, आणि मला ती पाहताना दर वेळी तितकंच नवल वाटतं.

पुढे पास फेकायला पूर्वी बंदी होती, हे खरं का?

हो. १९०६ पर्यंत चेंडू पुढे फेकणं नियमात बसत नव्हतं. मैदानावरच्या जीवघेण्या दुखापतींमुळे खेळच बंद पडण्याची वेळ आली होती, तेव्हा खेळ मोकळा व्हावा म्हणून पासला परवानगी मिळाली. ५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने नियमात बसणारा पहिला पास फेकला. तो कुणाच्या हाती लागला नाही आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. त्याच सामन्यात नंतर त्याने जॅक श्नायडरला पास देऊन टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवणं) करवलं. त्या काळचा चेंडू आजच्यापेक्षा गुबगुबीत होता. पुढच्या तीन दशकांत तो टप्प्याटप्प्याने निमुळता केला गेला आणि एका हाताच्या पकडीत आला.

हवेचा दाब कमी केला तर पकड सोपी होते का?

होते. म्हणूनच दाब नियमाने १२.५ ते १३.५ पौंड प्रति चौरस इंच बांधून दिला आहे. जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या चेंडूंत दाब कमी आढळला आणि ‘डिफ्लेटगेट’ प्रकरण उभं राहिलं. संघाला १० लाख डॉलर दंड झाला, तर त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला चार सामन्यांची बंदी २०१६ च्या हंगामात भोगावी लागली. उबदार खोलीत भरलेला चेंडू बाहेरच्या थंडीत नेला की दाब आपसूक उतरतो, हेही तितकंच खरं. त्यामुळे त्या प्रकरणावर आजही दोन तट आहेत.

चेंडू घेऊन धावताना तो सुटू नये म्हणून काय करायचं?

बोटं पुढच्या टोकावर आवळायची, मागचं टोक कोपराच्या खोबणीत, एक बाजू हातावर, दुसरी बरगड्यांवर, आणि चेंडू छातीपर्यंत उंच. न्यूयॉर्क जायंट्सच्या टिकी बार्बरच्या हातून चेंडू वारंवार सुटायचा. २००४ मध्ये टॉम कॉफलिन प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी त्याला ही उंच, घट्ट पकड घ्यायला लावली. ती तक्रार जवळजवळ मिटली.

फील्ड गोलच्या किकमध्ये एवढं काय कठीण आहे? खेळ थांबलेला तर असतो!

हा प्रश्न ऐकला की मला राहवत नाही, कारण या खेळातलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं कसब इथेच आहे.

फील्ड गोल म्हणजे जमिनीवर उभ्या धरलेल्या चेंडूला किक मारून तो गोलपोस्टच्या खांबांमधून, आडव्या दांड्यावरून पाठवणं. ही किक एकट्याची नसते, तिघांची असते. स्नॅपर पायांमधून मागे पाहत चेंडू सात-आठ यार्ड मागे फेकतो. गुडघ्यावर बसलेला होल्डर तो झेलतो, ठरल्या जागी टोकावर उभा करतो, एका बोटाने वरून दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने फिरवून लेस गोलपोस्टकडे करतो. तोवर किकर निघालेला असतो. स्नॅपपासून किकपर्यंत साधारण १.३ सेकंद मिळतात. अनुभवी स्नॅपर तर चेंडू अशा मोजून फेऱ्यांनी पाठवतो की होल्डरच्या हातात येतानाच लेस योग्य बाजूला असते.

लेस पुढे कशासाठी? पाय लेसवर पडला तर आघात एकसारखा बसत नाही, आणि लेस कडेला राहिली तर हवेत चेंडू एका अंगाला ओढला जाऊ शकतो.

किकर स्वतः मोजून तीन पावलं मागे आणि दोन पावलं बाजूला जातो. धावत येऊन आधाराचा पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर रोवतो. मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ, पंजा खाली ताणलेला. आघात बोटांनी करायचा नाही, बुटाच्या लेसखाली जे टणक हाड असतं त्याने करायचा, चेंडूच्या मध्याच्या जरा खाली. म्हणूनच हा चेंडू स्पायरल न घेता टोकावर टोक कोलांट्या घेत जातो. मान वर करायची घाई केली की संपलं.

होल्डरचं महत्त्व पाहायचं तर ६ जानेवारी २००७ चा सिएटलमधला सामना आठवा. डॅलसला जिंकायला फक्त १९ यार्डांची किक हवी होती. होल्डर होता खुद्द क्वार्टरबॅक टोनी रोमो. स्नॅप चांगला आला, पण चेंडू त्याच्या हातून निसटला. तो उचलून रोमो धावला, तोही थोडक्यात अडवला गेला. डॅलस २०-२१ असा हरला.

किकसाठी वेगळे चेंडू असतात का?

असतात. ‘के-बॉल’ म्हणतात त्यांना. नवा चेंडू टणक आणि निसरडा असतो, घासून मऊ केलेला लांब उडतो. चेंडू मऊ करायला कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये घालण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा १९९९ पासून एनएफएलने किकचे चेंडू वेगळे ठेवायला सुरुवात केली. २०२५ च्या हंगामापासून मात्र संघांना ते आधी मिळतात आणि नियमांच्या चौकटीत घासून तयार ठेवता येतात.

पूर्वी खेळाडू बुटाच्या टोकाने किक मारायचे ना?

हो, सरळ धावत येऊन. बदल घडवला पीट गोगोलाकने. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातला हा मुलगा. आपल्या नेहमीच्या फुटबॉलप्रमाणे तिरकं धावत येऊन पायाच्या वरच्या भागाने मारण्याची पद्धत त्याने १९६४ मध्ये बफेलो बिल्स संघातून व्यावसायिक खेळात आणली. पायाचा मोठा भाग चेंडूला लागतो, कंबरेचा फेर वापरता येतो, त्यामुळे अंतर आणि नेम दोन्ही सुधारतात. सरळ किक मारणारा शेवटचा नियमित किकर मार्क मोझली १९८६ मध्ये थांबला.

पण त्या जुन्या पद्धतीची सगळ्यात मोठी किक विसरता येणार नाही. ८ नोव्हेंबर १९७०, न्यू ऑर्लिन्स, समोर डेट्रॉईट. दोन सेकंद शिल्लक असताना टॉम डेम्प्सीने ६३ यार्डांवरून गोल केला आणि न्यू ऑर्लिन्सचा संघ १९-१७ ने जिंकला. त्याच्या उजव्या पायाला जन्मतः बोटं नव्हती, उजव्या हातालाही नव्हती. त्याचा बूट पुढून सपाट होता. त्या बुटाचा त्याला फायदा मिळाला, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि १९७७ मध्ये नियम करून किकच्या बुटाचा पुढचा भाग नेहमीसारखाच असावा असं ठरलं. अर्ध्या पावलाने ६३ यार्ड मारणाऱ्याकडे ‘फायदा’ शोधणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

त्याचा विक्रम २०१३ पर्यंत कुणाला ओलांडता आला नाही. त्या डिसेंबरमध्ये मॅट प्रेटरने डेन्व्हरच्या विरळ हवेत ६४ यार्ड मारले. २०२१ मध्ये जस्टिन टकरची ६६ यार्डांची किक आडव्या दांड्यावर आपटून पलीकडे गेली. २ नोव्हेंबर २०२५ ला जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलने ६८ यार्ड गाठले.

पंट आणि फील्ड गोल यांत फरक काय?

पंटमध्ये चेंडू हातातून सोडून, जमिनीला लागायच्या आत मारतात. गुण मिळत नाहीत, चेंडू प्रतिस्पर्ध्याला शक्य तितका लांब नेऊन द्यायचा असतो.

बघणाऱ्याचं लक्ष पायाकडे असतं, पण पंट ठरतो तो हातात. पंटर स्नॅप झेलतो, लेस वर येईल असा चेंडू फिरवतो, एका हाताने पुढे धरतो आणि सोडतो. उडवायचा नाही, नुसता सोडायचा. चेंडू आडवा, पुढचं टोक किंचित खाली आणि उजव्या पायाने मारणाऱ्यासाठी जरासं डावीकडे. तो तसाच्या तसा, न गिरकता पायावर पडला की पायाच्या वरच्या, बाहेरच्या बाजूने चेंडूच्या पोटावर आघात होतो आणि स्पायरल सुटतं. टोक थोडं जरी चुकलं तर चेंडू बाजूला निसटतो. सराव करायचा तर नुसतं सोडण्याचा करा, किक न मारता: चेंडू जमिनीवर सपाट आपटून सरळ वर उसळला तर सोडणं बरोबर.

अंतराइतकाच महत्त्वाचा असतो हवेतला वेळ. साडेचार सेकंदांच्या वर चेंडू हवेत राहिला की आपले खेळाडू तो पडतो तिथे पोहोचतात. ओकलंड रेडर्सच्या रे गायने १९७६ च्या प्रो बोलमध्ये (निवडक खेळाडूंच्या सामन्यात) न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये छतापासून लटकणाऱ्या व्हिडिओ पडद्यावर चेंडू आदळवला होता. केवळ पंटर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मानयादीत) जाणारा तो पहिला, २०१४ मध्ये.

ऑस्ट्रेलियन पंटर इतके का दिसतात?

त्यांच्याकडच्या फुटबॉलमध्ये धावता धावता किक मारून पास देतात. चेंडू उभा सोडून उलट्या कोलांट्या घेत जाणारी किक त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. ती पडल्यावर पुढे पळत नाही, थबकते किंवा मागे येते. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळ चेंडू थांबवायला हीच हवी. डॅरेन बेनेटने १९९५ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सकडून ती आणली, आता ती प्रत्येक पंटरला यावी लागते.

ड्रॉप किक अजून चालते का?

नियमात आहे. चेंडू जमिनीवर टाकायचा आणि उसळताच मारायचा. चेंडूची टोकं निमुळती झाल्यावर उसळीचा भरवसा राहिला नाही आणि ही किक मागे पडली. १ जानेवारी २००६ ला डग फ्लूटीने मारलेली यशस्वी ड्रॉप किक एनएफएलमध्ये १९४१ नंतरची पहिली होती.

भारतात हे कुणी खेळतं का? मुलांना कशापासून सुरुवात करून द्यावी?

२०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली, तिच्यात ‘पुणे मराठाज’ आणि ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ असे संघ होते. आज मुलांसाठी मी फ्लॅग फुटबॉलच सुचवेन. त्यात अंगावर झेप नाही, हेल्मेट-पॅडचा खर्च नाही. कमरेला लावलेली पट्टी ओढली की खेळ थांबतो. हा प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये असेल, आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. ट्वेंटी-२० क्रिकेटही त्याच बैठकीत आत आलं. फ्लॅगमध्ये किक नसते, पकड आणि पास मात्र पुरेपूर असतात.

मी डावखुरा आहे. माझ्यासाठी काही वेगळं?

पकड आणि पावलं आरशातल्यासारखी उलट करा, बाकी सगळं तेच. स्टीव्ह यंग, मायकल विक, टुआ टॅगोव्हायलोआ हे तिघेही डावखुरे क्वार्टरबॅक. फरक पडतो तो झेलणाऱ्याला. उजव्या हाताचा पास फेकणाऱ्याच्या मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तुमचा उलटा फिरेल. त्यामुळे ज्याला पास द्यायचा त्याच्याबरोबर सामन्याआधी भरपूर सराव करा. डाव्या पायाने पंट मारत असाल तर हीच उलटी फिरकी तुमच्या बाजूने काम करते. चेंडू उतरताना नेहमीपेक्षा उलट्या बाजूला वळतो, झेलणाऱ्याचा अंदाज चुकतो, आणि पेट्रियट्सचे माजी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी वर्षानुवर्षं डावखुरे पंटरच संघात ठेवले होते.